टेबलावरचा धाकटा

“बोल, धाकट्या.”

हे मला म्हटलेलं आहे. माझं वय चोपन्न. गुडघे दुखतात, डोक्यावर केस नावाला उरलेत, आणि लिआँला राहणाऱ्या माझ्या मुलीला गेल्याच महिन्यात मुलगा झाला, म्हणजे मी आजोबाही झालो. पण मी नोकरी करतो त्या शॅम्पेन बनवणाऱ्या घराण्याच्या चाखणीच्या टेबलावर मी अजून धाकटाच.

मी ग्लास खिडकीच्या उजेडात तिरका धरला, हुंगला, एक घोट तोंडात घेऊन घोळवला आणि बादलीत थुंकला.

“हिरवं सफरचंद,” मी म्हणालो. “मागून ओला खडू. जिभेवर धार चांगली आहे, पण मधे पोकळ. शेवटाला लिंबाच्या सालीचं कडू राहतं. मिसळणीत चालेल. एकटी नाही.”

मस्यू गार्नोतेल यांनीही घोट घेतला, गाल हलवले, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने थुंकले. ते घराण्याच्या तळघरांचे मुख्य. ऐंशीला टेकलेत, पण टाय लावल्याशिवाय वाइनला हात लावत नाहीत.

“हं,” ते म्हणाले. “हिरवी आहे. धार बरी आहे, मधे काही नाही. मिसळणीत.”

जोएलने पाटीवर खडूने ‘मि’ लिहिलं. जोएल तळघरातला जुना माणूस. पिंपांतून नमुने काढायचे, ग्लासांवर नुसते नंबर घालून वर आणायचे आणि तोंड बंद ठेवायचं, हे त्याचं काम. पहिली दोन तो चोख करतो.

आमचं घराणं काही फार मोठं नाही. एपर्ने शहराच्या मोठ्या रस्त्यावरच्या घराण्यांसारखी आम्हाला सोनेरी फाटकं नाहीत. पण नियम मात्र त्यांच्याहून जुने. टेबलावर जो सगळ्यांत शेवटी आला तो सगळ्यांत आधी बोलणार, आणि थोरला शेवटी. एकदा थोरल्याने तोंड उघडलं की धाकट्याच्या नाकाला दुसरा कुठला वास येत नाही, म्हणून हा नियम. थोरला बोलला की विषय संपला. त्यानंतर कुणी बोलायचं नाही.

निकाल तीनच. ‘एकटी’ म्हणजे ती वाइन त्या वर्षाच्या नावाने स्वतंत्र बाटलीत जाणार, खास लोकांच्या टेबलांवर, खास भावात. ‘मिसळणीत’ म्हणजे ती इतर पन्नास वाइनींत मिसळून आमच्या नेहमीच्या शॅम्पेनमध्ये नाहीशी होणार. दरवर्षी तीच चव लागते म्हणून लोक जी विश्वासाने घेतात, ती. आणि तिसरा निकाल ‘टँकर’, म्हणजे टँकरमध्ये भरून स्वस्तात बाहेर विकायची. त्याबद्दल घराण्यात बोलत नाहीत. फेब्रुवारीत हे सगळं साध्या, आंबट, पाणीदार रूपात असतं. बुडबुडे पुढे बाटलीत, काळोखात येतात. चार-पाच वर्षांनी या आंबट पाण्याचं काय होणार हे आज ओळखायचं, यालाच आम्ही चाखणी म्हणतो.

मी आलो तेव्हा टेबल भरलेलं असायचं. मग फेर्नां वारले, ओदेत बाई पेन्शनीत गेल्या, एकाला पलीकडच्या घराण्याने पळवलं. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही असं नाही. एकदा वाइनच्या शाळेतून एक मुलगी आली होती. दुसऱ्याच दिवशी मस्यू म्हणाले, तिच्या लिपस्टिकच्या वासाने मला काही कळत नाही. नंतर एक मुलगा आला, तर तो म्हणे पुस्तक वाचल्यासारखं बोलतो. दोघंही गेली. आता मी धाकटा, मस्यू थोरले, आणि मधल्या जागी थुंकायची बादली.

“तुला पुरताना पण म्हणतील, धाकटा गेला,” कोरिन म्हणते. कोरिन माझी बायको.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती चुलीशी उभी होती. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. छाटणीच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत रोजाने जाते. छाटलेल्या काड्या हातगाडीवरच्या पिंपात जाळत जाळत ओळीने पुढे सरकायचं, तेवढीच हाताला ऊब. तरी तिची बोटं सुजलेली होती. तिने कोबी आणि डुकराच्या मांसाचं भांडं टेबलावर आणलं आणि झाकण जरा जोरातच काढलं.

“ब्रुनोचा फोन होता.”

ब्रुनो तिचा भाऊ. सासरे गेल्या शरद ऋतूत वारले. ओबमध्ये, आमच्यापासून दोनेक तास दक्षिणेला, त्यांची एक चढाची द्राक्षबाग आहे. अर्धी कोरिनची, अर्धी ब्रुनोची. आमच्या इकडचे, मार्न भागातले लोक ओबच्या द्राक्षांना अजून नाक मुरडतात. ती घेतात मात्र, गुपचूप.

“काय म्हणतोय?”

“ईस्टरपर्यंत थांबतो म्हणाला. त्यानंतर त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे. आपण हे घर विकलं तर त्याचा हिस्सा विकत घेता येतो, तेही बोलून झालंय. तू सांगितलंस का त्या म्हाताऱ्याला?”

“चाखणी चाललीय गं. एवढी संपू दे.”

“बाबा आजारी पडले तेव्हापण चाखणीच चालली होती. तुमच्यात कुणाला मरायचं असेल तर तारीख विचारून मरायचं काय?”

मी पावाचा तुकडा मोडला.

“तिकडे गेलास तर पहिला तूच आणि शेवटचाही तूच,” ती जरा मऊ होऊन म्हणाली. “काय बोलायचं ते बोल. मी ऐकीन.”

“तू? आणि ऐकशील?”

“तिकडे ऐकीन. फक्त थुंकणार नाही. बाबांची वाइन थुंकायची नसते, तुला माहितीये.”

माहीत होतंच. लग्नाआधी सासऱ्यांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा त्यांनी घरासाठी राखलेल्या पिंपातली वाइन मला ओतून दिली. मी तेव्हा टेबलावर नवीन होतो, अंगात चाखणी भिनलेली. घोट घेतला, घोळवला आणि सवयीने उठून मोरीत थुंकला. मला वाटत होतं आता मी काहीतरी छान बोलीन. सासरे जेवणाच्या शेवटी चीज येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. कोरिन टेबलाखाली मला लाथा मारत होती. पण ती वाइन माझ्या लक्षात राहिली. शेवटाला जर्दाळूच्या बीसारखी कडसर, आणि तिच्या मागे जळत्या काडीचा अगदी बारीक धूर. तशी मी दुसरीकडे कुठे चाखली नाही.

“उद्या सांगतो,” मी म्हणालो.

“नक्की?”

“उद्या चाखणी झाली की लगेच.”

सकाळी उठलो तर नाक बंद. डोकं जड, घसा खवखवणारा, अस्सल फेब्रुवारीचं पडसं. आमच्याकडे पडसं म्हणजे जवळजवळ सुतक. दारातच सांगायचं आणि टेबलाला शिवायचं नाही. नाक उघडेपर्यंत माणूस खाली बाटल्या मोजत बसतो. पण मी स्वतःला ओळखून आहे. आज मागे फिरलो असतो तर उद्याही फिरलो असतो, आणि ईस्टर आला असता. शिवाय त्या दिवशी लाकडी पिंपांतल्या वाइन यायच्या होत्या. त्यांतूनच त्या वर्षाची खास बाटली ठरणार होती. मी गरम पाण्याची वाफ घेतली, दोनदा नाक शिंकरलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने जिना चढलो.

नाक नसताना जीभ काय सांगते? आंबट किती, जाड की पातळ, घशाला चिकटते की नाही. बस. सफरचंद, खडू, फुलं, लोणी, हे सगळं नाकाचं राज्य, आणि माझ्या नाकात त्या दिवशी कापूस भरलेला. पण इतक्या वर्षांत शब्दांचा साठा भरपूर झालाय. पहिले दोन-तीन ग्लास मी जपून बोललो. मस्यूंनी मान डोलावली. मग मला जरा धीर आला. धीर आला की माणूस जास्त बोलतो.

नवव्या नंबरचा घोट तोंडात गोल आणि भरीव लागला. आंबटपणाही बेताचा. मी डोळे मिटले.

“पांढरी फुलं,” मी म्हणालो. “ताजं लोणी. मागून भाजलेला बदाम. तोंड भरून टाकते. ही एकटी उभी राहील.”

जोएल खोकला.

मस्यूंनी ग्लास हुंगला, एकदा, मग पुन्हा एकदा, सावकाश. घोट घेतला, थुंकले. “फुलं आहेत खरी,” ते म्हणाले. “लोणी. आणि बदाम... हो, भाजलेला. एकटी.”

जोएलचा खडू पाटीवर अडला.

“काय झालं?” मस्यूंनी विचारलं.

“काही नाही, मस्यू,” जोएल म्हणाला आणि त्याने ‘ए’ लिहिलं.

चाखणी संपल्यावर मी आवारात थंड हवेला उभा होतो. मस्यूंशी कसं बोलायचं त्याची जुळवाजुळव चालली होती. जोएल ग्लासांचा ट्रे घेऊन खाली आला. त्याने तो पायरीवर ठेवला आणि माझ्याजवळ आला.

“तुझी तब्येत ठीक आहे ना?”

“का रे?”

“नऊ नंबर.”

“त्याचं काय?”

“अरे, पिंप कुजलंय त्याचं! एक फळी आतून बुरशीने काळी पडलीय. नमुना काढला तेव्हा जिन्यातच मला वास आला, ओल्या गोणपाटाचा. प्रत्येक पिंप टेबलावर आणायचं असा नियम आहे, म्हणून आणला. म्हटलं, दोघं नाक दाबून बाजूला ढकलतील आणि सुटू. तर तुम्ही फुलं हुंगत बसलात!”

मी त्याला बाजूला ओढलं.

“जोएल, कुणाला सांगू नकोस. मला पडसं झालंय.”

मग त्याने वर, चाखणीच्या खिडकीकडे पाहिलं.

“बरं,” तो म्हणाला. “तुला झालंय. त्यांना कुठे झालंय?”

मी आवारातल्या त्या कोपऱ्याकडे बघत होतो, जिथे नळाखाली हिवाळ्यात बर्फ धरतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मस्यू तिथे घसरून पडले होते. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. आठवडाभर इस्पितळात होते. परत आले ते टाय लावून थेट टेबलावर. आम्ही सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या पडण्याआधी आमचं रोज वाजायचं. मी नाशपाती म्हटलं की ते म्हणायचे, कान पिळीन, हे बिहीचं फळ आहे. मी एकटी म्हटलं की ते टँकर म्हणायचे, आणि वर मला सगळ्यांसमोर पुन्हा चाखायला लावायचे. पडून आल्यानंतर त्यांनी मला एकदाही खोडलं नाही. माझेच शब्द जरा मागेपुढे करून ते निकाल द्यायचे. मला वाटलं, मी शहाणा झालो. कोरिनला मी अभिमानाने सांगायचो की म्हातारा आता माझ्या शब्दाबाहेर जात नाही.

मी नवव्या नंबरचा ग्लास उचलला आणि जिना चढलो.

मस्यू खिडकीशी बसून टाय सैल करत होते. मी ग्लास त्यांच्यापुढे ठेवला.

“नऊ नंबर पुन्हा एकदा बघू या,” मी म्हणालो.

त्यांनी ग्लास उचलून नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

“बोल, धाकट्या.”

“आज तुम्ही आधी बोला.”

“नियम मोडायचा?”

“आजच्या दिवस मोडू या.”

ते ग्लास हातात धरून बसून राहिले. मग त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला, अगदी हळू, कडा न वाजवता.

“काय आहे त्यात?” त्यांनी विचारलं.

“कुजलेली फळी.”

“आणि तू फुलं म्हणालास.”

“मला पडसं आहे, मस्यू. मी लपवलं.”

ते हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. “म्हणजे आज या टेबलावर एकही नाक नव्हतं!” ते म्हणाले. “आणि आपण वर्षाची खास बाटली ठरवत होतो.” मग त्यांचं हसू विरलं आणि त्यांनी डोळे पुसले.

मी बसलो नाही. बसलो असतो तर विरघळलो असतो. “ती मुलगी,” मी म्हणालो. “लिपस्टिकवाली.”

“लिपस्टिक मला दिसली. वास कुठून येणार?” ते टायची गाठ बोटांनी चाचपत होते. “डॉक्टर म्हणाले होते, येईल परत. मी एक हिवाळा वाट बघितली. मग आणखी एक. ती मुलगी टेबलावर राहिली असती तर ती पहिली बोलली असती. ती काय बोलेल त्याचा भरवसा काय? तुझं मला पाठ आहे. तुला नाक वापरायला मीच शिकवलंय. तू ओला खडू म्हणालास की माझ्यापुढे खडू येतो, रेजिस. तू बोललास की मला वास येतो.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली ती तेव्हाच.

मला राग आला होता, इतका की तो ग्लास भिंतीवर फेकावासा वाटला. माझी उमेदीची सगळी वर्षं या माणसाने खुर्चीला बांधून ठेवली होती, आणि मी त्याला त्यांची माया समजत होतो. आणि तरी माया खोटी होती असंही मला म्हणता येईना. बाटल्या धुण्याच्या शेडमधून मला यांनीच वर आणलं. मी एका फुटलेल्या बाटलीचा वास घेऊन म्हणालो होतो, ही वाइन बुरशी धरलेल्या कॉर्कमुळे आधीच नासली होती. ते मागे उभे होते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःचा जुना कोट दिला आणि टेबलावर बसवलं. तो कोट अजून माझ्याकडे आहे.

“मी जातोय हे सांगायला येणार होतो आज,” मी म्हणालो. “ईस्टरला. ओबमध्ये. कोरिनच्या वडिलांची बाग आहे.”

“ओब!” ते म्हणाले. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी या स्वरावर चिडलो असतो. मग त्यांनी विचारलं, “चढ कुणीकडे आहे?”

“दक्षिणेला.”

“चांगलं आहे.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आवारापलीकडे त्यांचं छोटं घर होतं, घराण्याने दिलेलं. खुर्ची आहे तोवर घर. बायको त्याच घरात वारली होती. ते घराबद्दल बोलले नाहीत. “मला एक हिवाळा दे,” ते म्हणाले. “येती चाखणी झाली की मी स्वतः उठतो. मालकांना सांगतो. ही खुर्ची तुझी. एवढंच मागतो.”

मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. आमच्याकडे याला हो धरतात.

खाली आलो तेव्हा जोएलने पाटीवरचा नवव्यापुढचा ‘ए’ बाहीने पुसून टाकला होता. ते पिंप त्याने त्याच दिवशी रिकामं केलं आणि फळ्या जळणात टाकल्या.

कोरिनला मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग ओट्याला टेकून उभी राहिली.

“म्हणजे त्याला नाक नाही म्हणून मला बाग नाही,” ती म्हणाली.

“एक वर्ष फक्त. ब्रुनोशी मी बोलतो.”

“ब्रुनो नाही थांबणार.”

“कोरिन, मी त्यांना उघडं पाडून कसा जाऊ? माझ्या जागी जो कोणी येईल तो पहिल्याच दिवशी—”

“मला कळतंय रे,” ती म्हणाली. “तू वाईट नाहीयेस. वाईट असतास तर बरं झालं असतं, मी एकटी निघून गेले असते.” तिने हात पुसले. “तो म्हातारा तुझ्या नाकावर जगतोय, आणि तू त्याच्या ‘बोल, धाकट्या’वर. आणि मी दोघांच्या चाखणीवर. जाऊ दे. ताट घे.”

ब्रुनो थांबला नाही. ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही नोटरीकडे गेलो. एकटीचा हिस्सा ठेवून ती काय करणार होती, म्हणून कोरिननेही सही केली. बाहेर आल्यावर ती म्हणाली की तिला भूक लागलीय. आम्ही चौकात बसून सँडविचं खाल्ली. परत येताना तिने बागेवरून गाडी न्यायला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या वर्षी तिने आणखी दोन ठिकाणची छाटणी घेतली.

मग सुगी आली आणि गेली, द्राक्षं चरकातून गेली, पिंपं भरली, आणि पुन्हा फेब्रुवारी आला. मस्यूंनी मालकांना अजून काही सांगितलं नव्हतं. चाखणीनंतर, असंच ठरलं होतं. मीही आठवण केली नाही.

माझं नाक त्या वर्षी साफ होतं. जोएलने ग्लास मांडले. पहिल्या तीन ग्लासांचा निकाल लवकर लागला. चौथा मी उचलला, तिरका केला, नाकाशी नेला आणि माझा हात तिथेच थांबला.

“बोल, धाकट्या.”

मी पुन्हा हुंगला. घोट घेतला, घोळवला, थुंकला. नंतर थांबून शेवट येण्याची वाट पाहिली. तो आला. जर्दाळूच्या बीसारखा कडसर, आणि मागून धूर. नव्या मालकाने द्राक्षं दलालामार्फत इकडे पाठवली असणार. ओबच्या द्राक्षांना नाक मुरडणारी घराणी ती अशीच गुपचूप घेतात.

“बोल ना,” मस्यू म्हणाले. ग्लास त्यांच्या नाकाशी होता आणि ते डोळे मिटून वाट बघत होते.

मी बोललो. नेहमीसारखं चार शब्दांत नाही. मी म्हणालो, आधी लाल चेरी येते, पण सालीसकट. मग दुपारी तापलेल्या दगडावर पाणी पडल्यावर येतो तो वास, म्हणजे चढ दक्षिणेचा आहे. मग जर्दाळूची बी, दाताने फोडलेली. आणि सगळ्यांत शेवटी धूर, काड्या जाळतात तेव्हा अंगावरच्या लोकरीत बसतो तो. रात्री घरी आल्यावरही बाईच्या केसांना येतो तो. तिथे मी थांबलो. निकाल मी दिला नाही.

मस्यूंनी डोळे उघडले. “तू एवढं कधी बोलत नाहीस,” ते म्हणाले.

“आहे त्यात तेवढं.”

“कुणाची आहे?”

“नंबर आहे, मस्यू. नाव नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा मूर्ख कधीच नव्हता. त्यांनी घोट घेतला, थुंकले, टाय सरळ केला.

“एकटी,” ते म्हणाले.

जोएलने खडू उचलला. मस्यूंकडे मला द्यायला एवढंच होतं, आणि ते त्यांनी दिलं. सासऱ्यांचा चढ आमच्या घराण्याच्या खास बाटलीत, त्या वर्षाच्या नावाने, इतर कशातही न मिसळता. मी घरी जाऊन कोरिनला सांगू शकलो असतो. मला ते फार हवं होतं. मी ग्लास पुन्हा उचलला आणि आणखी एक घोट घेतला. या वेळी डोळे उघडे ठेवून. सुरुवात सुंदर होती. शेवट सुंदर होता. मधे ती कमी पडत होती. नव्या मालकाने घाईने, आठवडाभर आधी खुडली होती. सासऱ्यांनी तसं केलं नसतं.

मी थुंकलो.

“नाही, मस्यू,” मी म्हणालो.

थोरल्यानंतर कुणी बोलायचं नसतं. जोएलचा खडू हवेत राहिला.

“मधे पोकळ आहे,” मी म्हणालो. “मिसळणीत चालेल. एकटी नाही.”

मस्यूंनी हळूच मान हलवली. “मिसळणीत,” ते जोएलला म्हणाले, आणि जोएलने ‘मि’ लिहिलं.

ग्लासात तळाशी एक घोट उरला होता. तो मी तोंडात घेतला. मस्यूंनी नेहमीप्रमाणे बादली माझ्याकडे सरकवली आणि धरून ठेवली.

मी तो गिळला. मग पाचवा ग्लास उचलला.